ग्लायकोजेन, फिल्टर पेपर आणि नियमनाचा शोध

बायोकेमिस्ट्रीच्या अभ्यासक्रमात आधी मार्ग, म्हणजे पेशीतल्या रासायनिक अभिक्रियांच्या साखळ्या, येतात: ग्लायकोलिसिस, क्रेब्ज चक्र, फॅटी ॲसिडचं विघटन. नियमन बहुधा प्रकरणाच्या शेवटी उरकलं जातं. इतिहासही याच क्रमाने घडला. १८९७ मध्ये बुख्नर यांनी यीस्टच्या पेशी फोडून काढलेल्या रसातही साखर आंबते हे दाखवलं. १९३७ मध्ये हान्स क्रेब्ज यांनी शेफील्डमध्ये सायट्रिक ॲसिड चक्र मांडलं. या चाळीस वर्षांत कशापासून काय बनतं, याचा नकाशा बराचसा भरला. पण पेशी एखादा मार्ग कधी उघडते आणि कधी बंद करते?

या प्रश्नाला वाट मिळाली ती ग्लायकोजेनमधून, म्हणजे स्नायू आणि यकृतातल्या साखरेच्या साठ्यातून. सेंट लुईसमध्ये कार्ल आणि गेर्टी कोरी या जोडप्याने ग्लायकोजेन तोडणाऱ्या फॉस्फोरायलेज या एन्झाइमची (अभिक्रिया घडवणाऱ्या प्रथिनाची) दोन रूपं वेगळी केली. 'ए' रूप आपणहून काम करतं, 'बी'ला एएमपी या छोट्या रेणूची जोड लागते. दोघांना १९४७ चं नोबेल मिळालं. पतीच्या बरोबरीने संशोधन करणाऱ्या गेर्टींना पूर्ण प्राध्यापकपद मिळालं तेही त्याच वर्षी, हे विसरता येत नाही. दोन रूपांत नेमका फरक काय, हे मात्र कोरींना उलगडलं नाही.

ते उलगडलं सिॲटलमध्ये, एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांना (हे क्रेब्ज वेगळे, चक्राचे नव्हेत). सशाच्या स्नायूंचा अर्क कोरींच्या पद्धतीने फिल्टर पेपरमधून गाळला की 'ए' मिळे. सेंट्रिफ्यूज (वेगाने फिरवून घटक वेगळे करणारं यंत्र) वापरला की हाती 'बी'च येई. पद्धत बदलली म्हणून एन्झाइम का बदलावं? दोघांनी याचा पिच्छा सोडला नाही. शेवटी सापडलं ते कागदातलं कॅल्शियम. ते अर्कात उतरे, आणि अर्कातल्या एटीपीच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूच्या) साथीने 'बी'चं 'ए' होई. एटीपीतला फॉस्फेट एन्झाइमवर चढला की ते चालू, उतरला की मंद! १९५५ च्या सुमाराचं हे काम मला या विषयातलं सर्वांत देखणं वाटतं, आणि शिकवताना नियमनाची सुरुवात इथूनच व्हावी.

कोरींच्याच प्रयोगशाळेत तयार झालेले अर्ल सदरलँड तेव्हा यकृतावर ॲड्रेनॅलिनचा परिणाम तपासत होते. हार्मोनमुळे फोडलेल्या पेशींच्या पटलाकडच्या भागात एक छोटा रेणू तयार होतो, तो उकळूनही टिकतो आणि उरलेल्या द्रवातलं फॉस्फोरायलेज जागं करतो, असं दिसलं. तोच सायक्लिक एएमपी.

जिवाणूंमध्ये १९५६ मध्ये वेगळीच युक्ती सापडली: आयसोल्युसीन हे अमिनो ॲसिड पुरेसं झालं की ते आपल्याच मार्गातलं सुरुवातीचं एन्झाइम अडवतं.

१९६८ मध्ये एडविन क्रेब्ज यांच्या गटाला सायक्लिक एएमपीने चालू होणारं प्रोटीन कायनेज (प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारं एन्झाइम) मिळालं आणि ॲड्रेनॅलिनपासून ग्लायकोजेनपर्यंतची साखळी सांधली गेली. हे कायनेज ग्लायकोजेन बनवणाऱ्या सिंथेजवरही फॉस्फेट चढवतं, पण तिथे परिणाम उलटा होतो, सिंथेज मंदावतं. त्यामुळे साठा फुटत असतानाच नवा साठा रचला जाण्याचा अपव्यय टळतो. फिशर आणि क्रेब्ज यांना नोबेल मिळालं ते १९९२ मध्ये.