नडगी दुखतेय आणि भरतीचं ग्राउंड (मैदानी चाचणी) जवळ आलंय?

आमच्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली नेहमी एकच तक्रार घेऊन येतात: नडगी दुखते. बरेच जण उशिरा येतात, दुखण्याच्या गोळ्या खाऊन महिनाभर पळून झाल्यावर. तसं होऊ नये म्हणून हे पत्रक.

हाड जिवंत असतं. भार पाहून ते स्वतःला बदलतं. लहानपणापासून टेनिस खेळणाऱ्यांच्या खेळत्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड भरतं. अंतराळवीरांच्या पायांवर भारच पडत नाही, तर त्यांच्या खुब्याचं हाड महिन्याला एखाद टक्क्याने विरळ होतं.

पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो. १६०० मीटरमध्ये एका पायावर अशी सातशेच्या आसपास पावलं पडतात. त्या भाराने हाडात डोळ्यांना न दिसणारे तडे जातात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, शरीर ते दुरुस्त करतं. पण दुरुस्तीची रीत नीट समजून घ्या. गवंडी गिलावा करण्याआधी पोकळ झालेला भाग छन्नीने उकरून काढतो, तसंच हाडही आधी खराब भाग पोखरून काढतं आणि मग नवा भरतं. पोखरायला साधारण ३ आठवडे लागतात, भरून पक्कं व्हायला ३ महिने. मधल्या काळात ती जागा आधीपेक्षा कच्ची असते.

नेमकं इथेच घात होतो. जाहिरात निघते, मुलगा डांबरी रस्त्यावर रोज दोन्ही वेळा पळू लागतो. दम वाढतो, वेळ सुधारते, उत्साह येतो. हाड मात्र अजून उकरलेल्या अवस्थेत असतं. पोटऱ्या थकल्या की धक्का आणखी थेट हाडावर जातो, आणि बारीक तडे जुळून एक मोठा तडा होतो. हाच स्ट्रेस फ्रॅक्चर. प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या सैन्यातले डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ साली कवायत करणाऱ्या सैनिकांचे सुजलेले, दुखरे पाय नोंदवले, तेही हेच दुखणं. तेव्हा एक्स-रे नव्हता, त्यामुळे आतला तडा कुणाला दिसलाच नाही.

घरी एक करून पाहा. नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत खाली या. वीतभर पट्टा दुखत असेल तर बहुधा हाडावरच्या आवरणाला ताण आहे. रुपयाएवढ्या एकाच जागी कळ आली, किंवा रात्री पडल्यापडल्याही ठणकलं, तर त्या दिवसापासून पळणं बंद. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. एमआरआयमध्ये लवकर कळतं. जांघेत खोल दुखत असेल तर आमच्याकडेही थांबू नका. त्या पायावर भार न देता थेट हाडांच्या डॉक्टरांकडे जा, खुब्याचा तडा सरकला तर ऑपरेशनची वेळ येते.

मुलींच्या आईवडिलांना कळकळीने सांगतो: सराव वाढला, जेवण कमी झालं आणि पाळी लांबली किंवा थांबली, तर हाडाची भरणीही मंदावते. हे लपवू नका.

नडगीचा तडा वेळेत सापडला तर बहुतेक वेळा सहा-आठ आठवड्यांच्या विश्रांतीने भरतो. दुखत नसेल तर त्या काळात सायकल आणि पोहणं चालतं. पुढे आधी चालणं, मग एक दिवसाआड थोडं पळणं, शक्यतो मातीच्या मैदानावर.

येताना पळायचे बूट आणि मागच्या सहा आठवड्यांत रोज किती पळालात ते कागदावर लिहून आणा. आम्ही तपासणी तिथूनच सुरू करतो.