आधी गाडी दाखवा, इंजिन नंतर घ्या
जुन्या पिकअपला डिझेल इंजिन बसवू पाहणाऱ्या आमच्या गॅरेजच्या ग्राहकांसाठी माहिती

"भाऊ, इंजिन तं आणलं, बसवाले किती लागन?" आमच्याकडे जुन्या पिकअपचं बोलणं बहुतेक वेळा इथून सुरू होतं. दारात छोटा हत्ती उभा, त्यात ताडपत्रीखाली इंजिन. पैसे देऊन मोकळे झालेले. मग आम्ही टेप लावतो आणि कळतं की इंजिनचा ऑइल चेंबर गाडीच्या पुढच्या एक्सलवर बसतोय, किंवा स्टार्टर नेमका स्टिअरिंगच्या रॉडच्या जागी येतोय. ते इंजिन परत घ्यायला भंगारवाला तयार नसतो. हे पत्रक त्या खरेदीच्या आधी वाचायचं आहे.

डिझेल खरंच हवंय का?

विलीज पिकअप, महिंद्राच्या एफसी-१५० आणि एफसी-१६०, या गाड्यांना डिझेल लावायची चाल विदर्भात जुनी आहे. तेव्हा पेट्रोल आणि डिझेलच्या भावात मोठी तफावत होती. महिंद्रानेही पुढे ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल आणि प्यूजोचं २११२ सीसी इंजिन जीपमध्ये घातलंच. पण २०१० मध्ये पेट्रोलचे आणि २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले आणि ती तफावत आटली. घरचा हिशेब करा. वर्षाला ३,००० किलोमीटर चालणारी गाडी पेट्रोलवर लिटरला ८ आणि डिझेलवर १२ देते असं धरा. पेट्रोल ३७५ लिटर लागेल, डिझेल २५०. शंभर आणि नव्वदचा भाव धरला तर वर्षाला पंधराएक हजार वाचतात. एवढ्यावर अख्ख्या कामाचा खर्च निघायला बरीच वर्षं जातील. रविवारी रामटेकला चक्कर मारण्यापुरती गाडी असेल, तर मूळ इंजिनच उघडून नीट बांधून घ्या, असं आम्ही तोंडावर सांगतो. त्यात आमचा धंदा कमी होतो, पण चालतं.

ओझं ओढायचं असेल, शेतावर रोज चालवायची असेल, कमी आरपीएमवरची ओढ हवी असेल, तर गोष्ट वेगळी.

कागद

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा ठरेल, असा बदल मालकाने करू नये. इंधन बदलायची वाट आहे, ती किट बसवून आणि सरकारने घातलेल्या अटींवर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीत न बसणाऱ्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून आरटीओची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय आम्ही पाना लावत नाही. गाडी एमएच-३१ ची असो, ४० ची असो की ४९ ची, अर्ज तुमच्या नावाने, तुमच्या कार्यालयात. कागद तयार करायला आम्ही मदत करू, परवानगी मिळेलच याची हमी देणार नाही. इंजिनचं बिल आणि ते ज्या गाडीतून निघालं तिचे कागद लागतात. नंबर घासलेलं इंजिन आमच्या गेटच्या आत येत नाही. परवानगीनंतर विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर अपघाताच्या दिवशी क्लेमवरून वाद होईल.

आणखी एक गोष्ट, जी लोकांना उशिरा कळते. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ पासून व्हिंटेज नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' असतं, फी २०,००० रुपये. तिची अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चेसी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको. तुमची गाडी त्या वयाची असेल तर डिझेल टाकलं की तो दरवाजा बंद. काढलेलं इंजिन म्हणूनच आम्ही ठेवून घेत नाही. तेल लावून, भोकं बंद करून तुम्हालाच परत देतो. विलीजचं ते जुनं २.२ लिटरचं हरिकेन पेट्रोल इंजिन, ज्याचा इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतो, किलोच्या भावाने विकू नका.

इंजिनाभोवती काय काय बदलतं

सगळ्यात नाजूक काम इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या अडॉप्टर प्लेटचं. ती लेथवर अशी उतरायला हवी की क्रँक आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत येतील. केसाएवढा फरक राहिला तर पहिल्या दिवशी काही कळत नाही. काही महिन्यांनी गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग रडायला लागतं. क्लच प्लेट, पायलट बेअरिंग त्याच हिशेबाने नवं. गिअरबॉक्स मागेपुढे सरकला तर प्रॉपेलर शाफ्ट कापून बॅलन्स करून घ्यावा लागतो.

डिझेल वजनदार आणि थरथरणारं. पुढचे पाटे (लीफ स्प्रिंग) मजबूत करावे लागतात, आणि इंजिनचे फाउंडेशन आम्ही चेसीला आडवी वेल्डिंग मारून जोडत नाही. बोल्टवर प्लेट बसवतो. आडव्या वेल्डिंगच्या कडेने जुनी चेसी चिरते.

मग गती. जुन्या विलीजच्या एक्सलचं रेशो ५.३८, म्हणजे प्रॉपेलर शाफ्टच्या ५.३८ फेऱ्यांना चाकाची एक. चाकाचा घेर सव्वादोन मीटर धरला तर टॉप गिअरला डिझेलच्या ३,००० आरपीएमवर गाडी ताशी ७५ च्या आसपास जाते, आणि इंजिन ओरडत असतं. ४.२७ चे क्राउन-पिनियन (एक्सलमधले गिअर) बसले तर त्याच आरपीएमला ९५. पण फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पुढचा-मागचा दोन्ही बदला, एकच बदलून चालणार नाही.

जुन्या पेट्रोल इंजिनचं कॉम्प्रेशन साधारण सातास एक, डिझेलचं विसाच्या आसपास. म्हणून फिरवायला स्टार्टर आणि बॅटरी मोठी लागते. सुरुवातीच्या विलीज सहा व्होल्टच्या होत्या, त्यांचं वायरिंग सगळं नवं. डिझेलमध्ये इनटेकला थ्रॉटल नसल्याने व्हॅक्यूम तयार होत नाही, तेव्हा गाडीला ब्रेक बूस्टर असेल तर व्हॅक्यूम पंप हवाच. नाहीतर पेडल दगडासारखं. उरलेलं डिझेल परत यायला टाकीला रिटर्न लाइन काढावी लागते. आतून जस्ताचा मुलामा दिलेली टाकी डिझेलला चालत नाही. आणि बंद करायची वायर वेगळी असते: चावी काढूनही इंजिन चालूच राहिलं म्हणून रात्री फोन करणारे ग्राहक आम्ही पाहिले आहेत.

नवतपा

ही चूक आमचीच. सुरुवातीच्या एका कामात आम्ही पेट्रोलचाच रेडिएटर राहू दिला. हिवाळ्यात सगळं छान. मे महिन्यात, नवतपाच्या कडक उन्हात, गव्हाची पोती भरून ती पिकअप अमरावती रोडने निघाली आणि तळेगावच्या सत्याग्रही घाटात उकळली. हेड गॅस्केट गेलं, भरपाई आम्ही केली. तेव्हापासून रेडिएटरला जास्त ओळींचा कोर, पंख्याभोवती श्राउड (आवरण) आणि चांगला कूलंट, यात ग्राहकाने कितीही घासाघीस केली तरी काटछाट नाही. गाडी हातात देण्याआधी आम्ही ती भर दुपारी दोन वाजता, ओझ्यासकट, त्याच घाटात चढवून आणतो.

एफसीवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. तिच्यात इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी, डब्याखाली. डिझेलचा आवाज आणि गरमी दोन्ही मांडीजवळ. डब्याला आतून जाड इन्सुलेशन लावतो, तरी नागपूरच्या उन्हाळ्यात ती आरामाची गाडी होणार नाही. हे ऐकूनही हवी असेल तरच या.

पहिल्या भेटीला

गाडी, आरसी, विम्याची प्रत. इंजिन नको. मोजमाप, चेसीची तपासणी आणि लेखी अंदाज यांना दोन दिवस लागतात. त्याचे पैसे वेगळे घेतो, काम दिलंत तर बिलातून वजा करतो. परवानगी आल्यावर सहा ते आठ आठवडे धरा. संक्रांतीनंतर लगेच आलात तर उन्हाळ्याआधी गाडी मिळते. एप्रिलमध्ये आलात तर पावसाळ्यातच. रविवारी गॅरेज बंद.