किनाऱ्यावर अडकलेल्या देवमाशांचे दयामरण

किनाऱ्याला लागून अडकलेला आणि समुद्रात परत नेला तरी जगण्याची आशा नसलेला देवमासा कमीत कमी वेदना देऊन मारणे, तसेच या कृतीमागचा नैतिक विचार. ‘यूथनेशिया’साठी मराठीत ‘इच्छामरण’ आणि ‘दयामरण’ हे दोन्ही शब्द रूढ आहेत. प्राण्याची इच्छा विचारता येत नाही, म्हणून येथे दुसरा शब्दच योग्य. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता ‘चांगले मरण’ एवढाच आहे. मरणाऱ्याच्या यातना हलक्या करणे हे वैद्याचे काम, हा अर्थ त्याला सतराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सिस बेकनमुळे मिळाला, असे सामान्यतः मानतात. तत्त्वज्ञ टॉम रेगन यांनी १९८३ मध्ये प्राण्यांच्या दयामरणासाठी तीन अटी मांडल्या. पद्धत उपलब्ध पद्धतींतली सर्वांत कमी वेदनेची हवी. मरण त्या प्राण्याच्या हिताचे आहे असा मारणाऱ्याचा समज हवा आणि तो खरा हवा. हेतूही त्याच्याच हिताचा हवा. यांतला ‘खरा’ हा शब्द सर्वांत जड आहे. देवमासा वाचेल की नाही, हे वाळूवर उभे राहून सांगणे फार कठीण असते.

देवमासे किनाऱ्याला लागतात हे ॲरिस्टॉटललाही ठाऊक होते; कारण मात्र कळत नाही, असे त्याने नोंदवले आहे. मध्ययुगात असा देवमासा म्हणजे तेल, मांस आणि हाडे. इंग्लंडमध्ये तो राजाच्या मालकीचा ठरवणाऱ्या कायद्याचे साल परंपरेने १३२४ दिले जाते. काही अभ्यासक तो मजकूर तेराव्या शतकातला मानतात आणि त्यांचे म्हणणे अधिक पटण्याजोगे आहे. साल कोणतेही धरले तरी प्राण्याच्या वेदनेचा विचार त्यात नाही. हा विचार बहुधा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अमेरिका (१९७२) आणि न्यूझीलंड (१९७८) येथे सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचे कायदे झाले त्या सुमारास बळावला.

पाण्याबाहेर देवमाशाचे स्वतःचे वजनच त्याच्यावर उलटते. फुप्फुसे आणि स्नायू दबतात, चिरडलेल्या स्नायूंतले मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरून मूत्रपिंडे निकामी करते. चरबीचा जाड थर उष्णता कोंडून धरतो, उन्हाने कातडी भाजून निघते. ही हानी वरून दिसत नाही. भरतीबरोबर पोहत गेलेला प्राणी पुढे काही दिवसांनी या जखमांनीच मरू शकतो. म्हणून तो पाण्यात परत गेला एवढ्यावरून सुटका यशस्वी झाली असे म्हणता येत नाही. उलट अमेरिकेतील केप कॉड येथे उपग्रहाने माग काढणारी उपकरणे लावून सोडलेले अनेक डॉल्फिन आठवडेच्या आठवडे जिवंत असल्याचे दिसले आहे. त्यामुळे सरसकट मारणेही समर्थनीय नाही.

साधन कोणते, यावर नैतिक निर्णय बराच अवलंबून असतो. सुमारे सहा मीटरपर्यंतच्या प्राण्याला योग्य जागी झाडलेली गोळी मेंदूपर्यंत पोहोचते आणि शुद्ध तत्काळ हरपते. त्याहून मोठ्या देहात गोळी चुकली तर यातना वाढतात. पेंटोबार्बिटल या गुंगीच्या औषधाची मात्रा प्रचंड लागते आणि ते मृतदेहात टिकून राहते. ते देऊन मारलेल्या एका कुबड्या देवमाशाची (हंपबॅक व्हेल) चरबी बऱ्याच दिवसांनी खाल्लेला कुत्रा बेशुद्ध पडल्याची नोंद आहे. म्हणून अलीकडे आधी गाढ गुंगी आणून लांब सुईने थेट हृदयात ते बंद पाडणारे पोटॅशियम क्लोराइड देतात. गुंगीवाचून हे रसायन देणे ही क्रूरता होय. २०१० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात ऑल्बनी येथे कुबड्या देवमाशासाठी स्फोटके वापरली गेली; तो आवाज आणि दृश्य लोकांना असह्य वाटले, तरी नीट बसवलेल्या स्फोटकांनी मरण झटकन येते, असे तज्ज्ञांचे मत आहे. आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने २०१३ मध्ये लंडनमध्ये या पद्धतींवर कार्यशाळा घेतली.

मरण आले हे ठरवणेही सोपे नाही. दीर्घकाळ श्वास रोखणाऱ्या, हृदयाची गती मंद करू शकणाऱ्या या प्राण्यात श्वास थांबला एवढी खूण पुरत नाही. तपासणारा डोळ्याच्या कोपऱ्याला बोट लावतो आणि पापणी हलते का पाहतो. मग जबडा सैल पडला का हे पाहून हृदयाचे ठोके थांबल्याची खात्री करतो. घाईने मेला समजून सोडून दिलेला देवमासा शुद्धीत असू शकतो.

कळपाने अडकणाऱ्या जातींत प्रश्न एका प्राण्यापुरता राहत नाही. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील चेन्स बीचवर सुमारे ९७ पायलट देवमासे अडकले. रात्रीतून निम्म्याहून अधिक मेले. उरलेल्या ४५ ना खोल पाण्यात नेले, पण ते पुन्हा किनाऱ्याकडे वळले आणि अखेर मारावे लागले. ओरडणाऱ्या एकाकडे बाकीचे परततात, तेव्हा इतरांसाठी त्या एकाला आधी मारावे काय? रेगन यांच्या तिसऱ्या अटीत हे बसत नाही. येथे ‘दयामरण’ न म्हणता सरळ ‘वध’ म्हणणे प्रामाणिक ठरेल. कळप म्हणजे एकच कुटुंब, हे गृहीतही २०१३ मधील जनुकीय अभ्यासाने डळमळले. एकत्र अडकलेल्यांत अनेक मातृवंश (आईकडून चालत आलेली कुळे) आढळले आणि आई व पिल्लू बहुधा शेजारी नव्हते. न्यूझीलंडच्या चॅटम बेटांवर शार्कच्या धोक्यामुळे परत सोडण्याचा प्रयत्नच होत नाही. तेथे २०२२ मध्ये अडकलेल्या सुमारे ४७७ पैकी जिवंत राहिलेल्यांना मारण्यात आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये टास्मानियातील आर्थर नदीजवळ १५७ फॉल्स किलर व्हेल (डॉल्फिन कुळातली एक मोठी जात) अडकले. खवळलेल्या समुद्रामुळे त्यांना परत सोडणे जमले नाही, तेव्हा वाचलेल्या सुमारे ९० जणांबाबतही हाच निर्णय झाला.

फार मोठ्या देवमाशासाठी कित्येकदा औषध, बंदूक वा स्फोटके यांपैकी काहीच हाताशी नसते. तेव्हा कातडीवर ओली कापडे टाकतात, श्वासरंध्रात पाणी जाणार नाही हे पाहतात, माणसे आणि कुत्री दूर ठेवतात. अशा देवमाशाला मरायला काही दिवसही लागू शकतात.