चावते ती घरमाशी नव्हे

पावसाळ्यात घरमाश्या चावू लागतात, असे मुंबईत सर्रास म्हटले जाते. ते खरे नाही. घरमाशीच्या मऊ सोंडेच्या टोकाला स्पंजासारखी गादी असते, त्यामुळे लाळेत विरघळलेले अन्न ती टिपून घेऊ शकते, कातडी मात्र भेदू शकत नाही. आरेतील तबेल्यांच्या आसपास घोट्याला कडकडून चावते ती बहुधा स्टोमॉक्सिस कॅल्सिट्रान्स नावाची वेगळी माशी, दिसायला जवळजवळ घरमाशीसारखीच. बसलेली असताना तिला बाजूने जरूर निरखावे: डोक्याखालून काळी, ताठ सोंड सरळ पुढे आलेली दिसते. सोंडेच्या टोकावरील सूक्ष्म दातांनी ती कातडी फाडते आणि रक्त शोषते. डासांत हे फक्त मादी करते, येथे नरही. श्वासातील कार्बन डायऑक्साइडची चाहूल तिला शृंगिकांवरील (डोक्यावरच्या मिशांवरील) संवेदी केसांमुळे लागते. तिच्या अळ्या शेण-मूत्र मिसळलेल्या कुजक्या वैरणीत वाढतात.