फेअरटॅक्स म्हणजे अमेरिकेचा जीएसटी का? नाही हो

अमेरिकेत इन्कम टॅक्स पार काढून टाकायचा आणि त्याच्या जागी देशभर एकच सेल्स टॅक्स लावायचा, हे फेअरटॅक्सचं बिल १९९९ मध्ये जॉर्जिया राज्यातले खासदार जॉन लिंडर यांनी पहिल्यांदा आणलं, तेव्हापासून ते परत परत येतंय, २०२३ मध्ये तिथलेच खासदार बडी कार्टर यांनी आणलं तेव्हा जरा जास्तच गाजलं. आणि विषय निघाला की आपल्यातलं कोणीतरी हमखास म्हणतंच, "म्हणजे आपला जीएसटीच की!"

गोंधळ होणं साहजिक आहे. दोन्ही कर खर्चावरचे, दोन्ही शेवटी गिऱ्हाइकाच्याच खिशातून जाणार. त्यात आपल्याकडे आधी सेल्स टॅक्स होता, २००५ ला व्हॅट आला, २०१७ ला जीएसटी आला आणि माझगावचं विक्रीकर भवन जीएसटी भवन झालं, त्यामुळे नुसती पाटी बदलली बाकी सगळं तेच असं डोक्यात बसलंय.

खरा फरक कर कुठे घेतात त्यात आहे. एक खुर्ची घ्या. लाकूडवाल्याने १०० डॉलरचं लाकूड कारागिराला विकलं, त्याने खुर्ची करून २०० ला दुकानदाराला दिली, दुकानदाराने ती ३०० ला गिऱ्हाइकाला विकली. कर समजा ३० टक्के. फेअरटॅक्समध्ये पहिल्या दोन व्यवहारांवर काहीच नाही, शेवटच्या दुकानात एकदम ९० डॉलर. जीएसटीच्या पद्धतीत लाकूडवाला ३० भरतो, कारागीर ६० लावतो पण ३० चं क्रेडिट (मागच्याला आधीच दिलेल्या कराची वजावट) घेऊन उरलेले ३० भरतो, दुकानदार ९० लावून ६० चं क्रेडिट घेतो आणि ३० भरतो. बेरीज तीच, ९०.

मग फरक काय पडला? तर शेवटचा दुकानदार म्हणाला की "बिल नको असेल तर कमी करून देतो", की फेअरटॅक्सवाल्या सरकारच्या हातात शून्य, आणि जीएसटीवाल्याच्या गल्ल्यात आधीच ६० पडलेले. शिवाय जीएसटीत मधला प्रत्येक जण पक्क्या बिलासाठी मागच्याच्या मागे लागतो कारण बिल नाही तर क्रेडिट नाही. बोगस बिलं काढून क्रेडिट लाटणारे आपल्याकडे काही कमी नाहीत ते सोडा, पण निदान साखळी तरी असते. फेअरटॅक्समध्ये धंद्यासाठीची खरेदी करमुक्त, म्हणजे घरच्या पोराचा लॅपटॉप "ऑफिससाठी" दाखवायचा मोह किती होईल बघा. मला विचाराल तर सगळ्यात कच्चा दुवा हाच, कारण अमेरिकेतल्या राज्यांचे सेल्स टॅक्स छोटे असतात म्हणून खपून जातं, ३० टक्क्यांवर माणूस पळवाट शोधणारच.

आणि हो, ते ३० कुठून आले? फेअरटॅक्सच्या विधेयकात तर २३ लिहिलंय. इथे भलेभले फसतात. १०० च्या वस्तूवर ३० कर, गिऱ्हाईक देतं १३०, आणि १३० मधले ३० म्हणजे साधारण २३ टक्के! समर्थक म्हणतात इन्कम टॅक्सही असाच मोजतात, एकूण पगारातून किती गेला, आणि ते खोटं नाही. पण त्या हिशोबाने आपला १८ टक्के जीएसटी सव्वापंधरा टक्के होतो, कारण ११८ मधले १८. दुकानात उभा असलेला माणूस असा विचार करत नाही.

गरिबांचं काय, याचंही उत्तर दोघांकडे वेगळं. आपण सुटा तांदूळ, भाजी मोकळी सोडतो, कशाला ५, कशाला १८, आणि मग कुठली वस्तू कुठल्या स्लॅबमध्ये यावर भांडत बसतो. फेअरटॅक्समध्ये ही भानगडच नाही, भाजी असो, डॉक्टरची फी असो, घरभाडं असो, जवळपास सगळ्याला एकच दर (जुन्या वापरलेल्या वस्तू वगळून), आणि मग दर महिन्याला प्रत्येक कुटुंबाला 'प्रीबेट' म्हणजे कराचा आगाऊ परतावा म्हणून पैसे. दारिद्र्यरेषेच्या वर्षाच्या रकमेवर २३ टक्के, भागिले १२. २०२३ ला एकट्या माणसासाठी ती रेषा १४,५८० डॉलर होती, म्हणजे महिन्याला साधारण २८०. ही कल्पना मला आवडते, फक्त इन्कम टॅक्सचं आयआरएस ऑफिस बंद करून घराघरात चेक पाठवायला दुसरं ऑफिस लागणारच ना.

शेवटचा फरक म्हणजे जीएसटी किंवा युरोपचा व्हॅट इन्कम टॅक्सच्या सोबत नांदतो. फेअरटॅक्स त्याच्या जागीच येणार, सोबत कंपन्यांवरचा कर, पगारातून कापला जाणारा सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचा (सरकारी पेन्शन आणि म्हातारपणीच्या आरोग्य विम्याचा) कर, वारसा कर सगळं जाणार. पुढे कोणी दोन्ही कर लावू नयेत म्हणून विधेयकात अट आहे की इन्कम टॅक्सचा अधिकार देणारी १९१३ ची सोळावी घटनादुरुस्ती ७ वर्षांत रद्द झाली नाही तर हा सेल्स टॅक्सच आपोआप संपेल.

अमेरिकेतल्या आपल्या लोकांनी मात्र एक बघावं. पगार घेऊन सगळा खर्च पुण्या-नाशिकात करणाऱ्याची चंगळ, कारण कर फक्त अमेरिकेतल्या खर्चावर. आणि ज्या काकांनी आयुष्यभर इन्कम टॅक्स भरून उरलेले पैसे रॉथ खात्यात (निवृत्तीसाठीचं खातं, ज्यातून काढताना परत इन्कम टॅक्स लागत नाही) टाकले, त्यांना म्हातारपणी तेच पैसे खर्चताना परत ३० टक्के.