चांदीपुरा: नाव नागपूरकडचं, धास्ती बडोद्याची

पावसाळा लागला आणि लहान मुलाला फणफणून ताप चढला, की बडोद्यात आता चांदीपुराचं नाव निघतं. हे नाव नागपूर जिल्ह्यातल्या एका गावाचं. १९६५ साली तिथे तापाची साथ असताना दोन रुग्णांच्या रक्तात हा विषाणू सापडला आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत त्याची ओळख पटली. रेबीजच्याच कुळातला, तरीही पुढची जवळपास चाळीस वर्षं त्याला कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

२००३ मध्ये आंध्रात ३२९ मुलं आजारी पडली, त्यांतली १८३ दगावली. पुढच्याच वर्षी साथ पूर्व गुजरातच्या गावांत शिरली. इथे रुग्ण मोजकेच होते, पण शंभरातले पंचाहत्तरहून जास्त गेले. सकाळी ताप, मग उलट्या, झटके, बेशुद्धी, आणि दोन दिवसांत सगळं संपलेलं. छोटा उदेपूर तेव्हा बडोदा जिल्ह्यातच होतं. तिथलं, गोधऱ्याकडचं पोर अत्यवस्थ झालं की आजही गाडी बडोद्याचाच रस्ता धरते.

२०२४ ची साथ तर वीस वर्षांतली सर्वांत मोठी. खरा घोळ झाला तो आकड्यांचा. जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत देशात २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले. हे आकडे सगळे चांदीपुराचे नव्हेत. ते 'तीव्र मेंदूज्वरसदृश आजारा'चे आहेत, म्हणजे ताप आणि त्यासोबत झटके किंवा शुद्ध हरपणं. ही लक्षणांची मोळी आहे, एका रोगाचं नाव नव्हे. जपानी मेंदूज्वर, नागीण वर्गातले विषाणू, जिवाणू, सगळे त्यात येतात. तपासणीत चांदीपुरा ठरलेले रुग्ण ६४, त्यांतले ६१ गुजरातचे. कोणी २४५ ची बातमी केली, कोणी ६४ वर बोट ठेवून 'घाबरण्याचं कारण नाही' म्हटलं. मला हे दुसरं जास्त खटकतं. रक्तात विषाणू थोडेच दिवस सापडतो, आणि नमुना उशिरा घेतला तर तो हातून निसटू शकतो. 'निगेटिव्ह' म्हणजे मूल कशाने गेलं याचं उत्तर नव्हे. उरलेल्या १८१ घरांना या रोगाचं नावसुद्धा मिळालं नाही.

विषाणू पसरवणारी वाळूमाशी जेमतेम तीन मिलिमीटरची, म्हणजे डासाहून बरीच लहान. गुणगुणत नाही, टुणटुण उड्या मारत जमिनीलगत फिरते, साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून सहज आत येते. मातीच्या भिंतींच्या फटी, शेणाने सारवलेले कोपरे, गोठ्याचा ओलावा हे तिचं घर. म्हणून त्या जुलैत गावोगाव फटींमध्ये मॅलेथिऑन या कीटकनाशकाची भुकटी मारली गेली. लस नाही, नेमकं औषध नाही. झटके थांबवणं आणि श्वास टिकवणं एवढंच डॉक्टरांच्या हातात, तेही मूल वेळेवर पोचलं तर.

१९ जुलैनंतर नवे रुग्ण कमी होत गेले. मातीच्या भिंतीची फट मात्र पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडते, आणि पहिल्या सरीला ओल धरते.