विमान संग्रहालयांतील समकालीन कला

विमाने, इंजिने आणि वैमानिकांची साधने यांच्या कायम संग्रहाशेजारी, क्वचित थेट विमानाच्या अंगावर, आजच्या कलावंतांच्या कृती मांडण्याची प्रथा. मांडणीशिल्प, चित्रफीत, ध्वनिकृती, छायाचित्रे, भित्तिचित्रे असे सगळेच तीत येते. विमानांची हुबेहूब चित्रे या संग्रहालयांत पूर्वीपासून टांगलेली असतात, पण त्यांचा सारा भर तपशिलाच्या अचूकपणावर. समकालीन कलावंताला विमान कसे दिसते यापेक्षा त्या विमानाने काय केले यात अधिक रस असतो, आणि खरी ओढाताण तिथूनच सुरू होते.

कलावंत आणि विमान यांची ओळख जुनी आहे. १९१२ मध्ये द्यूशाँ आणि लेजे हे चित्रकार व शिल्पकार ब्रांकुसी पॅरिसचे विमान प्रदर्शन पाहायला गेले होते. तिथल्या विमानाचा फिरता पंखा (प्रोपेलर) पाहून, आता चित्रकला संपली, असे द्यूशाँ म्हणाला, अशी आठवण लेजेने पुढे सांगितली. १९२९ मध्ये यंत्र आणि वेग यांचे गोडवे गाणाऱ्या इटलीतील भविष्यवादी कलावंतांनी विमानातून दिसणाऱ्या जगाच्या चित्रकलेचा जाहीरनामा काढला. त्याच सुमारास रशियात कलावंत तात्लिनने माणसाच्या स्नायुबळावर चालणारे ‘लेतात्लिन’ हे पंखयंत्र रचायला घेतले. ते उडाले नाहीच. मात्र त्याची एक प्रत मॉस्कोजवळच्या मोनिनो येथील हवाईदलाच्या संग्रहालयात गेली.

संस्था म्हणून कलेला पहिल्यापासून जागा देण्यात वॉशिंग्टनचे राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालय ठळक आहे. १ जुलै १९७६ रोजी उघडलेल्या या इमारतीत एरिक स्लोन आणि रॉबर्ट मॅकॉल या चित्रकारांची भित्तिचित्रे आहेत, आणि दाराबाहेर रिचर्ड लिपोल्डचे ‘अ‍ॅड अस्ट्रा’ हे उंच निमुळते शिल्प. नासाने १९६२ मध्ये कलावंतांना बोलावण्याचा उपक्रम सुरू केला होता. अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्गने चंद्रावर माणूस नेणाऱ्या अपोलो ११ चे उड्डाण याच निमंत्रणावरून पाहिले. उपक्रमातील बऱ्याच कृती पुढे या संग्रहालयाकडे आल्या. तरी यातला मोठा भाग गौरवाचा आहे हे नाकारता येत नाही.

वेगळी वाट अ‍ॅरिझोनातील टूसॉनच्या पिमा विमान संग्रहालयाने २०१२ मध्ये घेतली. ‘द बोनयार्ड प्रोजेक्ट’ या प्रदर्शनात रेटना, फेल, हाउ आणि नॉझम अशा रस्त्यावरच्या भिंती रंगवणाऱ्या कलावंतांना भंगारातली लष्करी विमाने आणि त्यांची नाके रंगवायला दिली. दुसऱ्या महायुद्धातले सैनिक विमानांच्या नाकावर चित्रे काढत, त्या सवयीशी हे नाते जुळले. निवड भंगाराची होती, हे महत्त्वाचे. संग्रहातल्या विमानाचा रंग हाच पुरावा असतो. तुकडीची खूण, डागडुजीचे ठिगळ, पुसट झालेला क्रमांक हे सारे त्या थरात असते. शिवाय अनेक लष्करी विमाने उसनवारीवर आलेली असतात. त्यांना हात लावायचा तर मूळ मालकाची परवानगी लागते.

याच्या उलटा प्रवास २०१० मध्ये लंडनच्या टेट ब्रिटन या कलासंग्रहालयात झाला. कलावंत फिओना बॅनरने एक सी हॅरियर हे लढाऊ विमान नाक खाली करून छताला टांगले. टोक जमिनीला जेमतेम टेकत नव्हते आणि अंगावर पिसांच्या पुसट रेषा होत्या. पुढच्या दालनात जॅग्वार हे दुसरे लढाऊ विमान रंग खरवडून, आरशासारखे घासून, उताणे ठेवले होते. पाहणाऱ्याला त्याच्या पोटात आपलाच चेहरा दिसे. हीच विमाने हँगरमध्ये इतर चाळीस विमानांच्या रांगेत असती, तर लोक पंखांची लांबी वाचून पुढे गेले असते. विमानासमोर टिकायला कृतीला आकाराची स्पर्धा टाळावी लागते. म्हणूनच भिंतीवरची चित्रे हँगरमध्ये बहुधा हरतात. आवाज आणि काळोख वापरणाऱ्या कृती तग धरतात.

व्यवहाराच्या अडचणी साध्या पण हट्टी आहेत. कागदावरच्या कामाला साधारण ५० लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) इतकाच मंद प्रकाश चालतो. काचेच्या छताखाली दुपारी त्याच्या कितीतरी पट ऊन असते. हँगरचे मोठे दार उघडले की तापमान आणि आर्द्रता दोन्ही हलतात. जुन्या कॉकपिटमधल्या तबकड्यांवर किरणोत्सारी रेडियमचा रंग असू शकतो, काही भागांत अ‍ॅस्बेस्टॉस. ‘आत बसून ऐका’ अशी ध्वनिकृती सुचवणाऱ्याला हे आधी सांगावे लागते. छताला काही टांगायचे तर वजनाचा हिशेब अभियंता करतो, प्रदर्शन आखणारा क्युरेटर नव्हे.

यापेक्षा अवघड प्रश्न अर्थाचा. १९९५ मध्ये वॉशिंग्टनच्या संग्रहालयात हिरोशिमावर अणुबाँब टाकणाऱ्या ‘एनोला गे’ या विमानाभोवतीचे नियोजित प्रदर्शन माजी सैनिक आणि संसद सदस्यांच्या विरोधामुळे गुंडाळावे लागले, संचालक मार्टिन हार्विट यांनी राजीनामा दिला, आणि शेवटी विमान फारसे भाष्य न करता मांडले गेले. ते कलाप्रदर्शन नव्हते. पण खाली कोण होते, हे विमानाशेजारी लिहिणे किती महाग पडते, हे तेव्हापासून सगळ्या संग्रहालयांना ठाऊक आहे. कलावंताला बोलावण्यामागे कधीकधी हाही हिशेब असतो: संस्थेला स्वतःच्या फलकावर लिहिता येत नाही, ते पाहुण्याच्या नावावर खपते. वाटाड्याचे काम करणारे निवृत्त वैमानिक आणि तंत्रज्ञ यांना हे खटकते, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक नसते. ज्या यंत्रावर त्यांनी उमेदीची वर्षे घालवली, ते दुसऱ्याच्या विधानाचा नुसता पडदा व्हावे, हे कोणाला रुचेल? त्यांना तयारीच्या टप्प्यातच सामील करून घेतलेली प्रदर्शने म्हणूनच अधिक धीट होऊ शकतात.

रंगवलेले विमान कायम ठेवायचे ठरले, की नोंदवहीचा पेच उभा राहतो. ते विमान म्हणून नोंदायचे की कलाकृती म्हणून? उन्हाने रंग उडाला तर कलावंताचा रंग पुन्हा द्यायचा, की त्याखालचा लष्करी थर मोकळा करायचा, हे त्या एका नोंदीवर ठरते.